दोन्ही खांद्यांची मापं

ब्लाउज असो की पंजाबी ड्रेस, मी माप एकाच खांद्याचं घेते. शिवणारे बहुतेक सगळे असंच करतात. कापडाची दुहेरी घडी घालायची, घडीच्या बाजूला पाठीचा मध्य धरायचा, अर्ध्या अंगाचा आकार खडूने आखायचा आणि कात्री एकदाच चालवायची. घडी उलगडली की दोन सारख्या बाजू समोर येतात. माणसाचं अंग दोन्हीकडून सारखं असतं, असं त्यात धरून चाललेलं असतं. ते तसं नसतं हे आम्हाला माहीत असतं, पण एकोणीस-वीसचा फरक शिलाईच्या दाबात, म्हणजे आत दुमडलेल्या जादा कापडात, मुरून जातो.

माझ्या मापाच्या वहीत एकच पान असं आहे, जिथे खांद्यापुढे दोन आकडे आहेत. उजवा आणि डावा. ते पान माझ्या मुलीचं आहे. पहिल्यांदा दोन आकडे लिहिले तेव्हा ती सहावीत होती. तिच्या पाठीच्या कण्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ती नववीत होती. या मधल्या काळात मी काय केलं ते सांगायचं तर एका वाक्यात सांगता येईल. मी शिवत राहिले.

शिवण मी शिकले ते लग्नाआधी, शनिवार पेठेतल्या एका बाईंकडे. दुसऱ्या मजल्यावर एक लांब खोली, सहा मशिनी आणि एक खिडकी. बाई कमी बोलायच्या आणि जे बोलायच्या ते लागायचं. एकदा आमच्यातल्या एका मुलीने ब्लाउज नीट बसेना म्हणून गिऱ्हाइकाच्या देखत सांगून टाकलं, "यांचा एक खांदा उतरलाय ना, म्हणून असं होतंय." ती बाई जिना उतरून जाईपर्यंत आमच्या बाई हसतमुख होत्या. मग म्हणाल्या, "नाचता येईना अंगण वाकडं. अहो, त्यांच्या घरी आरसा आहे. तुमच्याकडे त्या ब्लाउज शिवायला आल्या होत्या, तपासून घ्यायला नाही." त्या दिवशी आम्हा सगळ्यांना त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावलं: गिऱ्हाइकाच्या अंगाबद्दल तोंडातून अक्षर काढायचं नाही. जे कमी-जास्त असेल ते कापडाने भरून काढायचं.

हा नियम मी वीस वर्षं पाळला. लग्नानंतर धायरीला आले, इमारतीच्या तळमजल्यावर पुढच्या खोलीत दुकान आणि मागे घर. कोणाला पोक असतो, कोणाचा एक हात जाड असतो, कोणाचं छातीचं ऑपरेशन झालेलं असतं. मी टेप लावते, आकडा लिहिते आणि गप्प बसते. ट्रायलच्या वेळी बायका आरशात बघतात आणि म्हणतात, तुमच्या हातचं घातलं की बरं दिसतं. दिसणारच. त्यासाठीच मी बसले आहे.

सहावीत असताना मुलीसाठी वाढदिवसाचा फ्रॉक शिवला. घातल्यावर त्याचा गळा एका बाजूला ओढला जात होता. मी म्हटलं, "नीट उभी राहा." ती नीट उभी राहिली. गळा तसाच होता. मग मी टेप घेतली, उजव्या खांद्याचं माप घेतलं आणि नंतर डाव्याचंही घेतलं. डावा अर्धा इंच खाली होता. मी ते लिहिलं, फ्रॉक उसवला, कापडाची घडी न घालता दोन बाजू वेगवेगळ्या बेतल्या आणि पुन्हा शिवला. छान बसला.

मनात आलं ते इतकंच, की दप्तर एका खांद्यावर टाकते, त्याने होत असेल. तिला रागावले. दोन्ही पट्टे लाव, पोक काढून बसू नकोस, मोबाइल खाली ठेव. कुठल्या आईने हे म्हटलेलं नसतं?

सातवीत फरक पाऊण इंचाचा झाला. आठवीच्या जूनमध्ये शाळेचा कुडता-सलवार असा नवा गणवेश आला, तेव्हा एका इंचाला थोडाच कमी. उजवीकडे खांद्यामागचं हाड जरा बाहेर आल्यासारखं लागायचं, म्हणून त्या बाजूला कापड जास्त सोडलं. डावीकडे एक टक घेतला आणि खांद्याखाली पातळ पॅड शिवला. खालची पट्टी वाकडी लोंबू नये म्हणून डावीकडे थोडी वर उचलली. ते काम इतकं जमून आलं होतं की मला त्याचा अभिमान वाटायचा. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा वाटायचा, हे खरं आहे.

दिव्याखाली अंधार म्हणतात. माझ्याकडे तेवढीही सबब नाही. मी ट्यूबलाइट लावून, टेप धरून, आकडा वाचून तो स्वतःच्या हाताने लिहून ठेवलेला होता. वहीत आलं की माझ्या दृष्टीने काम झालं. पुढे कापडाचं बघायचं.

नववीत शाळेने खेळांसाठी निळे टी-शर्ट वाटले. बाजारातले, पातळ, सगळ्यांना एकाच बेताचे. माझी मुलगी कित्येक वर्षांत माझ्या हातचं सोडून दुसरं काही घालून शाळेत गेल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी दुपारी खेळाच्या मॅडमचा फोन आला. त्यांनी सगळ्या मुलींना रांगेत उभं केलं होतं, आणि एका मुलीचा टी-शर्ट वेडावाकडा लोंबत होता. मॅडमनी तिला वाकून पायाचे अंगठे धरायला सांगितलं होतं. फोनवर त्या म्हणाल्या, "तुम्ही तिची पाठ कधी बघितली नाहीत का हो?"

मी म्हटलं, "बघते आज."

संध्याकाळी मागच्या खोलीत तिला वाकायला लावलं. पाठीची उजवी बाजू, गादीखाली कोणीतरी उशी सारून ठेवावी तशी वर आली. डावी खाली राहिली. मी तिचं माप घेत आले होते ते नेहमी उभं करून. शिवणात कोणी वाकून माप देत नाही.

"काय आहे?" ती तशीच वाकून म्हणाली.

"काही नाही. डॉक्टरांना दाखवू."

मणक्यांचे डॉक्टर नदीपलीकडच्या एका मोठ्या हॉस्पिटलात बसत. आम्ही तिघं गेलो. माझे मिस्टर भोसरीला एका कारखान्यात आहेत, त्यांनी रजा टाकली होती. पडद्यावर तिचा एक्स-रे लावलेला होता. कणा मानेखालून निघून उजवीकडे गेला होता आणि कंबरेच्या वर परत मधे आला होता. डॉक्टरांनी त्यावर दोन रेघा मारल्या आणि म्हणाले, अठ्ठावन्न अंश. पन्नासच्या पुढे गेलं की ऑपरेशनचा विचार करावा लागतो.

"हे दप्तराने होत नाही ताई," मी विचारायच्या आधीच ते म्हणाले. "बसण्याने होत नाही, झोपण्याने होत नाही. का होतं ते आम्हालाही नक्की सांगता येत नाही. वाढीच्या वयात होतं. तुमच्या लक्षात केव्हापासून आलं?"

"दोन महिने झाले असतील," मी म्हटलं.

ठरवून बोलले नाही. तोंडातून गेलं. मुलगी माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मग पडद्याकडे बघितलं. डॉक्टरांनी कागदावर दोन महिने असं लिहिलं. मिस्टरांनी मान हलवली.

मग त्यांनी तिची पाळी केव्हा सुरू झाली ते विचारलं. ते मात्र मी बरोबर सांगितलं. दोन वर्षं. डॉक्टर म्हणाले, "कोन लहान असताना, वाढ शिल्लक असताना आली असती तर पट्टा लावून बघता आला असता. दिवसातला बराच वेळ घालावा लागतो तो. कदाचित तिथेच थांबलं असतं. कदाचित नसतंही. आता वाढ जवळजवळ पूर्ण झाली, पट्ट्याचा उपयोग नाही."

मला काही वाटलं नाही. हे मी पुष्कळ वेळा तपासून बघितलं आहे. काहीतरी वाटायला हवं होतं. काहीच झालं नाही. डॉक्टरांच्या सदऱ्याचं एक बटण वेगळ्या दोऱ्याने लावलेलं होतं, ते मला दिसलं.

ऑपरेशनचं त्यांनी नीट समजावलं. पाठ मधोमध उघडायची, मणक्यांत दोन्हीकडून स्क्रू बसवायचे, त्यांत दोन दांडे घालून कणा जमेल तितका सरळ करायचा. मग तेवढे मणके एकमेकांना जुळून येतात आणि तो भाग पुन्हा वाकत नाही. मिस्टरांचा जन्म नट-बोल्टमध्ये गेलेला. त्यांनी विचारलं धातू कुठला, डॉक्टर म्हणाले टायटॅनियम. त्यांनी विचारलं आवळता किती, तर डॉक्टर पहिल्यांदा हसले आणि त्यांनी तेही सांगितलं. मग म्हणाले, "मज्जारज्जू जवळ असतो. क्वचित पायांवर परिणाम होऊ शकतो. होतोच असं नाही, पण मला सांगायला हवं."

"नाही केलं तर?" मिस्टर म्हणाले.

"हळूहळू वाढत राहील. पुढे श्वासाला त्रास होऊ शकतो."

येताना रिक्षात मुलगी आमच्या दोघांच्या मधे बसली होती. सिंहगड रोडला नेहमीसारखी गर्दी होती. मग तिने विचारलं, "माझी हाइट वाढेल म्हणाले ना ते?" मिस्टर म्हणाले, हो, थोडी वाढेल. ती म्हणाली, "मग ओके." त्या दोन महिन्यांबद्दल ती काही बोलली नाही, आणि मीही नाही.

ऑपरेशनची तारीख पाच आठवड्यांनंतरची मिळाली. त्या पाच आठवड्यांत मी एक काम केलं. जुनी मापाची वही कापडांच्या पेटीत सगळ्यांत खाली घातली आणि नवी वही काढली. जुन्या वहीत निम्मी पानं कोरी होती. मुलीने नवी वही बघितली आणि विचारलं, "ती संपली?" मी म्हटलं, संपली. खोटं एकदा बोललं की दुसऱ्यांदा जड जात नाही, हे मला तेव्हा कळलं.

गिऱ्हाइकांना कुठून तरी समजलंच. एकीने अंगारा आणून दिला. आमच्या घरात अंगारे-धुपारे चालत नाहीत. आजेसासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हापासून ते सगळं सुटलं. पण तिचं मन मोडवेना, म्हणून पुडी घेतली आणि बटणांच्या डब्यात ठेवली. मिस्टर ते बघून नुसतं म्हणाले, "बटणं पक्की बसतील." तो त्यांचा शेवटचा विनोद, नंतर कित्येक दिवस नाही.

एकदा जेवताना ते म्हणाले, "आपल्याला कळलं कसं नाही गं? पोरगी रोज डोळ्यांसमोर. माझी तर शिफ्ट असते, मी कधी नीट बघितलंच नाही तिच्याकडे."

"कपड्यात दिसत नव्हतं," मी म्हटलं.

हे शब्दशः खरं होतं. ते स्वतःला दोष देत राहिले आणि मी देऊ दिला. त्यांच्या ताटात भाजी वाढली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी मी माझी मूठ झाकून जेवले.

मला भीती कशाची होती, तेही सांगते. डॉक्टर काही म्हणतील किंवा मिस्टर रागावतील याची नाही. मुलीला कळेल याची. हिला माहीत होतं आणि ही कापत-शिवत बसली, असं तिने माझ्याकडे बघावं याची. आणि त्याहून मोठी भीती ही, की तिचे पाय गेले तर मला ते तिला सांगावंच लागेल.

ऑपरेशनच्या दिवशी मी पिशवीत अकरा ब्लाउज नेले होते. हुक लावायचे राहिलेले. सकाळी आठला तिला आत नेलं. जाताना तिने माझा हात धरला नाही, तिच्या हाताला सुई लावलेली होती. मी बाहेरच्या बाकावर बसले, दोरा ओवला आणि हुक लावायला घेतले. वंदना म्हणायचा प्रयत्न केला, पहिली ओळ झाली की पुढची आठवेना. लहानपणापासून पाठ असलेली. मग ते सोडलं आणि हुकच लावत राहिले. शेजारच्या बाकावरच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. पोटची पोर आत आणि ही ब्लाउज शिवतेय, असं त्यांना वाटलं असेल. वाटू दे. हात रिकामे ठेवले असते तर ते कुठे ठेवायचे हे मला कळलं नसतं.

दुपारी अडीचनंतर डॉक्टर बाहेर आले. टोपीचा वळ कपाळावर होता. म्हणाले, "झालंय. मधे एकदा डाव्या पायाचे सिग्नल कमी झाले होते. पायांना तारा लावून आम्ही ते बघत असतो सतत. दांडा ढिला केला, थांबलो, सिग्नल परत आले. त्यामुळे पूर्ण सरळ करायच्या मागे लागलो नाही. थोडं राहिलंय, पण ते चालेल. आता शुद्धीवर आली की पाय हलवायला सांगू."

मिस्टर भिंतीला टेकून खाली बसले. माझ्या हातात नववा ब्लाउज होता. मी हुकाचा शेवटचा टाका घातला, गाठ मारली आणि दोरा तोडला.

आयसीयूत एकेकालाच सोडत होते. आधी मी गेले. ती पालथी नव्हती, उताणी होती, चेहरा सुजलेला. सिस्टर तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "बाळा, पायाची बोटं हलव बघू." उजव्या पायाची बोटं हलली. "आता डावा." मी डाव्या अंगठ्याकडे बघत राहिले. त्याच्या नखावर पुसायचं राहिलेलं थोडं गुलाबी नेलपॉलिश होतं. "डावा, बाळा." काही नाही. सिस्टरनी पायाला हात लावला, पुन्हा सांगितलं. मग अंगठा वर झाला आणि त्याच्यामागून बाकीची बोटं.

बाहेर येऊन मी मिस्टरांना सांगितलं, हलतात. ते रडले. मी उरलेले दोन ब्लाउज पूर्ण केले. त्यांतल्या एकाचे हुक उलट्या बाजूला लागले होते, ते दुसऱ्या दिवशी उसवावे लागले. त्या अख्ख्या दिवसात माझ्या आत काही झालं होतं याचा पुरावा एवढाच.

पुढचे दिवस मला सलग आठवत नाहीत. तिला कुशीवर वळवायचं तर खांदा आणि कंबर एकदम, ओंडका वळवतात तसं. दोन सिस्टर आणि मी. तिसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या मुलीने तिला पलंगाशेजारी उभं केलं. ती खाली बघून म्हणाली, "जमीन लांब गेली." उंची दीड इंच वाढली होती. आठव्या दिवशी घरी आणलं. वाकायचं नाही, पिळायचं नाही, वजन उचलायचं नाही. पडलेली वस्तू मी उचलायची, तिच्या पायांत मोजे मी घालायचे. वर्षानुवर्षं ताठ उभी राहा म्हणून जिच्या मागे लागले होते, तिला आता वाकताच येत नव्हतं.

टाके सुकल्यावर मी तिची पाठ ओल्या फडक्याने पुसायची. मानेखालून कंबरेच्या वरपर्यंत एक सरळ रेघ. हातात सुई धरणाऱ्या बाईने म्हणून सांगते, शिवण सुबक होती. एकदा पुसताना ती म्हणाली, "आई, तू आहेस ना तिथे?"

"आहे की. पुसतेय."

"कळतच नाहीये मला. तिथे काहीच लागत नाही."

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, कापताना कातडीच्या बारीक नसा जातात, हळूहळू संवेदना येते, काही जागी कदाचित नाही येणार. ती म्हणाली, "वियर्ड आहे, पण दुखत तरी नाही." मला तिचा थोडा हेवा वाटला. तिच्या बधिरपणाला निदान कारण होतं.

दोन महिन्यांनी तिने शाळेत जायचं ठरलं. सोमवारी जायचं होतं. गणवेशाचा विचार माझ्या डोक्यात नव्हता असं नाही. रोज यायचा. जुना चालणार नाही हे मला माहीत होतं, पण नवा बेतायचा तर जुनी वही काढायला लागली असती, आणि मी उद्या, उद्या करत होते. शनिवारी दुपारी मी मशिनवर बसले असताना ती मागच्या खोलीतून पुढे आली. आठवीतला कुडता घालून.

आरशासमोर उभी राहिली. पाठ ताठ, खांदे सारखे. आणि अंगावर तो कुडता. डावा खांदा अर्ध्या दंडावर उतरलेला, पॅड बाहेरून उठून दिसत होता. पाठीला उजवीकडे कापडाचा झोळ. खालची पट्टी डावीकडे वर चढलेली. सरळ मुलीच्या अंगावर तो इतका वाकडा दिसत होता की कोणीही म्हटलं असतं, शिवणारीला काही येत नाही. मी मशीन थांबवली.

ती आरशातूनच माझ्याकडे बघून म्हणाली, "हा आठवीच्या जूनमधला ना?"

"हो."

"म्हणजे दीड वर्षापूर्वीचा. तेव्हाच एवढं होतं?"

"त्याच्याही आधीपासून होतं," मी म्हटलं. "सहावीपासून. अर्धा इंच होतं तेव्हा." मग उठले, पेटीतली कापडं बाहेर काढली आणि तळातली वही तिच्या हातात दिली. तिचं पान काढून दिलं. ती उभ्यानेच वाचत होती, मानेला त्रास नको म्हणून वही डोळ्यांसमोर धरून. आकड्यांचं पान वाचायला किती वेळ लागतो? तिला बराच लागला.

"मी डॉक्टरांना खोटं सांगितलं," मी म्हटलं. "बाबांनाही. घाबरले होते."

"मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू माझं माप दोन्हीकडून घ्यायचीस. बाकी सगळ्यांचं एका बाजूचं. मी लहानपणापासून बघतेय ना." तिने वही मिटली. "वहीत लिहायचीस तेही बघितलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

ती खांदे उडवायला गेली, पण पाठीमुळे ते नीट उडाले नाहीत. म्हणाली, "मला वाटलं, तू बघतेयस ना. तू करतेयस काहीतरी. घातलं की सरळ दिसायचं. मला वाटलं, तू सरळ करतेयस."

इतके दिवस जे आलं नव्हतं ते तेव्हा आलं. मी मशिनच्या कडेला धरून उभी राहिले आणि रडले, आवाज न करता, कारण रस्त्याकडचं दार उघडं होतं. ती जवळ आली. वाकून मिठी मारता येत नव्हती, म्हणून तशीच ताठ उभी राहून तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तिने मला माफ केलं की नाही, हे मी विचारलं नाही. आजही विचारलेलं नाही.

थोड्या वेळाने तिने कुडता काढला, आतल्या टॉपवर उभी राहिली आणि म्हणाली, "सोमवारी जायचंय मला. माप घे. आता एकाच बाजूचं घेतलंस तरी चालेल."

मी टेप गळ्यातून काढली. उजवा खांदा घेतला. मग तिच्या मागे गेले. डाव्या हाताचा तळवा तिच्या पाठीवर टेकला, त्या रेघेवर, जिथे तिला काही कळत नाही. तिला तो तिथे आहे हे ठाऊक नव्हतं. टेप डाव्या खांद्यावर लावली. डॉक्टर म्हणाले होते तसं थोडं राहिलं होतं. पाव इंच. दाबात सहज मुरलं असतं. नेहमीसारखं न बोलता लिहायला माझ्या हाताने पेन्सिल उचललीही होती.

"डावा पाव इंच खाली आहे," मी मोठ्याने म्हटलं.

तिने आरशात डाव्या खांद्याकडे बघितलं. "अजून?"

"अजून. पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवू. वाढतंय का ते बघायला हवं."

"ते विचारतील, केव्हापासून."

"हा पाव इंच आजपासून," मी म्हटलं. जुन्याच वहीत, तिच्याच पानावर, दोन्ही आकडे लिहिले आणि शेजारी पहिल्यांदाच तारीख घातली. तिने ती वाचून घेतली. मग मी गणवेशाचं निळं कापड टेबलावर पसरलं. तिने वाकता येत नाही म्हणून उभ्यानेच त्याचं एक टोक धरलं, आणि मी घडी न घालता दोन्ही बाजू वेगवेगळ्या आखल्या.